संमतीची तारीख

वृंदा सबनीस यांच्या सेक्शनमध्ये मी रुजू झाले ती २००२ साली. लोधी रोडवरच्या एका सरकारी इमारतीत, विज्ञानाच्या संशोधनाला अनुदान देणारं एक खातं होतं. देशभरातले शास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवायचे. कागद पुरे आहेत ना, एवढं आम्ही बघायचं, तज्ज्ञांच्या समितीपुढे ठेवायचं आणि समितीचं म्हणणं वर पाठवायचं. वृंदाताई सेक्शन ऑफिसर, मी त्यांची असिस्टंट. त्या इतिहासाच्या बीए, मी बीकॉम. विज्ञान दोघींनाही वरवरचंच कळायचं. पण कागद मात्र त्यांना माणसासारखे कळायचे. कुठला खोटं बोलतोय ते त्या चष्मा न लावता सांगायच्या.

त्यांचा जन्म दिल्लीचाच. वडील साताऱ्याहून मंत्रालयात कारकून म्हणून आलेले. बालपण सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं, शाळा पहाडगंजच्या मराठी शाळेत. नवरा बँकेत होता, तो सत्त्याण्णव साली हार्ट अटॅकने गेला. राहिला मानस, एकुलता एक. तो मेकॅनिकल इंजिनियर झाला आणि मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात लागला. तेव्हा गुडगाव रोज वर चढत होतं. मानस म्हणाला, “आई, बस झालं ते क्वार्टर. भिंतींना पन्नास सालचा वास येतो.” दोघांनी कर्ज काढून आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मीही तिथून जवळच राहायचे, त्यामुळे सकाळच्या चार्टर्ड बसमध्ये आमची सीट शेजारी-शेजारी असायची.

२००३च्या नोव्हेंबरात हायवेचं काम चालू असताना एका डायव्हर्जनवर मानसची मोटरसायकल घसरली. कंबरेच्या वर मणका तुटला. तो वाचला, पण कंबरेखालचं शरीर गेलं. वय चोवीस.

त्या नव्याकोऱ्या सोसायटीत लिफ्टपर्यंत पोहोचायला तीन पायऱ्या होत्या. व्हीलचेअरसाठी रॅम्प करून घ्यायला वृंदाताईंना सोसायटीच्या कमिटीशी सात महिने भांडावं लागलं. वीज गेली की लिफ्ट थांबायची, जनरेटर सुरू होईपर्यंत मानस अंधारात अडकून बसायचा. त्या काळात वृंदाताई ऑफिसातही खुर्चीवर टिकत नसत. एक नोट लिहायची, उठायचं, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं, दुसरं वाक्य लिहायचं. शिपाई हसायचे. “मॅडम का पैर नहीं टिकता,” म्हणायचे. बाईंना ते ऐकू यायचं.

मानस दिवसभर इंटरनेटवर असायचा. त्यानेच आम्हाला स्टेम सेल म्हणजे काय ते शिकवलं. मूल होत नाही अशा जोडप्यांसाठी प्रयोगशाळेत भ्रूण तयार करतात. पाच-सहा होतात, दोन-तीन गर्भाशयात सोडतात, बाकीचे गोठवून ठेवतात. पाच दिवसांच्या अशा भ्रूणातून पेशी काढून वाढवल्या तर त्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी बनू शकते, मज्जातंतूचीसुद्धा. फक्त, पेशी काढल्या की तो भ्रूण उरत नाही. अमेरिकेत यावरून मोठा वाद झाला होता आणि सरकारी पैशावर बंधनं आली होती. मानस म्हणायचा, “त्यांनी दार लावून घेतलंय. आता आपण आणि कोरिया. बघच तू, दहा वर्षांत.”

दहा वर्षं तो बोटांवर मोजायचा. चौतिसाव्या वर्षी चालेन, असा हिशोब.

२००५च्या मेमध्ये आमच्याकडे नेमका तसा प्रस्ताव आला. गुडगावच्या एका खासगी रुग्णालयाचं वंध्यत्वाचं केंद्र आणि त्याला जोडलेली प्रयोगशाळा. उरलेल्या भ्रूणांपासून पेशींच्या वाणावळी, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणारे पेशींचे साठे, तयार करायच्या, पुढे मणक्याच्या इजेवर उंदरांत प्रयोग, मग माणसांत. प्रमुख डॉ. भसीन. प्रस्ताव उघडला तेव्हा वृंदाताईंचा हात पानावरच राहिला. मग त्या उठून सरळ डायरेक्टरांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं.

“सर, माझा मुलगा या आजाराचा पेशंट आहे. ही फाइल दुसऱ्या सेक्शनला द्या.”

डायरेक्टर भले गृहस्थ होते. म्हणाले, “मिसेस सबनीस, निर्णय कमिटी घेणार. आप तो सिर्फ कागज देखेंगी. कागदाला कसला आलाय मुलगा?”

त्या परत आल्या. त्या दिवशी बसमध्ये पहिल्यांदाच त्या गुणगुणत होत्या.

कागद तपासायचं काम आधी माझं होतं. छापील यादी होती: प्रमुखांची माहिती जोडली आहे, होय, रुग्णालयाच्या नैतिकता समितीचं पत्र, होय, भ्रूणदात्यांची संमतिपत्रं, होय, बारा. मी पटापट बरोबरच्या खुणा केल्या आणि फाइल त्यांच्या टेबलावर ठेवली. समिती पुढच्या महिन्यात बसणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर बारा संमतिपत्रं ओळीने मांडलेली.

“क्षिप्रा, ही तारीख वाच.”

“नऊ ऑगस्ट.”

“आणि हा तक्ता. या जोडप्याचे भ्रूण कधी तयार झाले?”

“अठ्ठावीस ऑगस्ट.”

“म्हणजे भ्रूण तयार व्हायच्या एकोणीस दिवस आधी त्यांनी ‘उरलेले’ देऊन टाकले. काय उरणार ते कुणाला ठाऊक होतं?”

मी बाकीची बघितली. बाराच्या बारा तशीच. फॉर्म इंग्रजीतला, बारीक टाइपचा. सह्या बहुतेक हिंदीत, दोन ठिकाणी अंगठे. रुग्णालयात दाखल होतानाच्या कागदांच्या गठ्ठ्यात हाही एक कागद सही करून घेतलेला, हे उघड होतं. आणि खाली एक ओळ होती: सवलतीच्या योजनेतील रुग्ण.

मला लाज वाटली. मी म्हटलं, “ताई, आपण त्यांच्याकडून नवीन फॉर्म मागवू. एवढंच ना?”

त्यांनी कागद गोळा केले, पुन्हा मांडले, पुन्हा गोळा केले.

शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. “तुझी मारुती घेऊन येतेस? मानेसरला जायचंय.”

हे नियमाबाहेर होतं. संमतिपत्रांवरचे नाव-पत्ते गोपनीय होते, आणि आमचा दात्यांशी संबंधच नव्हता. गाडीत बसताना त्याच म्हणाल्या, “मी चूक करतेय हे मला माहीत आहे. तू खाली उतरू नकोस, म्हणजे तुझ्यावर येणार नाही.” मी उतरले.

मे महिना होता. कारखान्यांच्या मागे कामगारांच्या खोल्यांची लांबच लांब रांग, वर पत्रे. भिंतीवर हरियाणा सरकारने रंगवलेलं मोठं वाक्य होतं, भ्रूणहत्येविरुद्ध, मुलींना वाचवा म्हणून. वृंदाताई त्या भिंतीपुढे थबकल्या आणि मग भरभर पुढे गेल्या.

त्या बारा जोडप्यांतली कल्पना सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. रेवाडीकडची. नवरा पाळीवर गेला होता. तिने खाट झटकली, आम्हाला पाणी दिलं. वृंदाताई म्हणाल्या, आम्ही सरकारी खात्यातल्या आहोत, रुग्णालयात नीट वागणूक मिळते का ते विचारतोय. ते अर्धं खरं होतं.

“अच्छे लोग हैं,” कल्पना म्हणाली. “डॉक्टर साहब ने आधे में कर दिया. इस बार ठहरा नहीं, मेरी किस्मत. पर पाँच बने थे जी. दो डाले. तीन रखे हैं.”

“रखे हैं?”

“हाँ. मशीन में. ठंडे में.” तिने हाताने उंची दाखवली, जणू फ्रिज समोरच उभा आहे. “अगले साल फिर जाऊँगी. तीन मेरे वहीं हैं.” मग तिने वृंदाताईंकडे आशेने पाहिलं. “आप पूछ के बता दोगी? खराब तो नहीं होते ना इतने दिन में?”

तक्त्यात तिच्या नावापुढे तीन हा आकडा होता, आणि शेजारच्या रकान्यात ‘प्राथमिक कामासाठी वापरले: दोन’. तो तक्ता आम्ही दोघींनी वाचला होता.

वृंदाताईंचे ओठ हलले. मला वाटलं, त्या सांगतील. त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “पूछूँगी.” आणि आम्ही बाहेर पडलो.

आम्ही हायवेला लागलो. वृंदाताई एकदम म्हणाल्या, “गाडी थांबव.” धुळीत उतरून, ट्रकच्या वाऱ्यात, रस्त्याच्या कडेने पन्नास पावलं गेल्या आणि परत आल्या. “घरी सोड,” म्हणाल्या. “मानसला औषध द्यायचंय.”

पुढच्या आठवड्यात डॉ. भसीन स्वतः ऑफिसात आले. आम्ही तारखांबद्दल खुलासा मागवला होता. मी त्यांना बदमाश ठरवून बसले होते. पण समोर आला तो थकलेला, साधा माणूस होता. शर्टाच्या खिशाला शाईचा डाग होता. त्यांनी काही नाकारलं नाही.

“मॅडम, फॉर्म सगळीकडे दाखल होतानाच भरून घेतात. नियम लिहिलेलेच नाहीत अजून, आम्ही कुणाचा मोडला? नाहीतर हे भ्रूण पाच वर्षांनी नाल्यात जाणार. कचऱ्यात चालतील आणि औषधासाठी नाही?”

“त्या बाईला वाटतंय, ते तिच्यासाठी ठेवलेत.”

भसीन चमकले. “कुठली बाई?”

वृंदाताईंनी समोरची संमतिपत्रं पालथी घातली. भसीननी समजून घेतलं असावं. त्यांनी हातातली फाइल चाळली. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आपके बेटे के बारे में सुना. भगवान करे, आमचं काम माणसांपर्यंत पोहोचलं, तर पहिल्या यादीत त्याचं नाव असेल. हे मी लाच म्हणून नाही म्हणत. मलाही मुलगा आहे.”

मला आजही वाटतं, ते खरंच लाच म्हणून म्हणाले नव्हते. म्हणूनच ते जास्त कठीण होतं. वृंदाताई उभ्या राहिल्या. “डॉक्टरसाब, आप जाइए,” एवढंच बोलल्या.

ती नोट लिहायला त्यांना चार दिवस लागले. एरवी त्या अर्ध्या तासात लिहायच्या. लिहायच्या, फाडायच्या, कॉरिडॉरमध्ये जायच्या. चौथ्या दिवशी मला वाचायला दिली. संशोधन महत्त्वाचं आहे आणि सरकारने त्याला पैसा द्यावा, असं सुरुवातीलाच लिहिलं होतं. पण ही संमती ही संमती नाही. उपचार संपल्यावर, दात्याच्या भाषेत, उपचार करणारा डॉक्टर सोडून दुसऱ्या कुणी विचारावं. नाही म्हटलं तर सवलत जाणार नाही हे सांगावं. तोवर या बारा जोडप्यांच्या उरलेल्या भ्रूणांना हात लावू नये, आणि अनुदान थांबवावं. एका दात्रीला आपण नियमाबाहेर जाऊन भेटलो, हेही त्यांनी लिहून टाकलं होतं. शेवटी होतं: “अधोस्वाक्षरीकर्तीचा मुलगा मानस सबनीस याला मणक्याची इजा आहे आणि या संशोधनाचा त्याला लाभ होऊ शकतो. ही नोट ते लक्षात घेऊन वाचावी.”

“हे शेवटचं कशाला, ताई?”

“कुणी म्हणू नये की लपवलं.”

भेटीबद्दल त्यांना लेखी समज मिळाली. बढती दोन वर्षं लांबली. पण समितीने मुद्दा मान्य केला. अनुदान थांबलं.

घरी मात्र त्यांनी वेगळं सांगितलं. मानसला प्रस्तावाची कुणकुण होतीच. तो रोज विचारायचा. त्या म्हणाल्या, “कमिटीने पुढे ढकललं. मला काय माहीत? मी तर फक्त कागद बघते.” माझ्यासमोर म्हणाल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले. खाली नव्या टॉवरचा पाया खणत होते.

मानस कारखान्यात असताना बिघाड शोधायचं काम करायचा. बिघाड कुठे आहे, हे त्याला आवाजावरून कळायचं. त्याच वर्षी ऑक्टोबरात माहितीचा अधिकार लागू झाला. जानेवारीत आमच्या सेक्शनला आलेला अगदी पहिला माहिती अधिकाराचा अर्ज मी उघडला. स्टेम सेलच्या अमुक प्रस्तावावरच्या सर्व नोंदींच्या प्रती मिळाव्यात. अर्जदार: मानस भालचंद्र सबनीस. पत्ता आठव्या मजल्याचा.

मी तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला, डावीकडचा शिक्का पाहिला, पुन्हा वाचला. मग हसल्या, ते हसू काही बरं नव्हतं.

“अर्ज व्यवस्थित आहे. फीसुद्धा बरोबर जोडलीय,” म्हणाल्या.

“ताई, घरी जाऊन सांगा त्याला. आजच. कागद मिळायच्या आधी.”

“सांगते,” म्हणाल्या. सांगितलं नाही. तीस दिवसांची मुदत होती. वर विचारून उत्तर आलं, द्यावं, दात्यांची नावं झाकून. झेरॉक्सवर काळ्या पेनने कल्पनाचं नाव त्यांनी स्वतः झाकलं. एकदा झाकून उजेडात धरलं, अक्षरं दिसत होती, पुन्हा झाकलं. पाकिटावर मुलाचं नाव आणि स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला, आणि ते डाकेने पाठवलं. बॅगेत घालून नेता आलं असतं. नेलं नाही.

पाकीट शनिवारी पोहोचलं. दुपारी त्यांनी मला फोन केला, “ये जरा.” मी गेले तेव्हा मानस बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत होता, मांडीवर ती सात-आठ पानं. वृंदाताई स्वयंपाकघराच्या दारात.

“क्षिप्राताई, तूही वाचलं होतंस?” त्याने विचारलं.

“हो.”

“बिल्कुल बरोबर लिहिलंय हिने,” तो म्हणाला. “मीही हेच लिहिलं असतं. कदाचित. म्हणजे मला माहीत नाही. आई, पाच दिवसांचा तो ठिपका डोळ्यालाही दिसत नाही. मी दिसतो ना तुला? रोज?”

“दिसतोस.”

“तरी लिहिलंस.”

“हो.”

“ठीक आहे. ते मी कसंतरी गिळेन.” त्याने शेवटचं पान वर धरलं. “पण हे? माझं नाव? माझी इजा, माझा आजार, सरकारी फाइलमध्ये. किती जणांनी वाचलं हे? तू सगळ्या पानभर संमती-संमती लिहिलंस, आणि मला विचारलंस?”

वृंदाताई दारातच खाली बसल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत असं खाली बसलेलं पाहिलं नव्हतं.

“नाही विचारलं,” त्या म्हणाल्या.

“का?”

“तू नाही म्हणाला असतास तर? मग मला लिहिता आलं नसतं.”

“मग डॉक्टरनेही हेच केलं ना, यार!”

वीज गेली, पंखा थांबला, खालून जनरेटर धडधडला, पंखा पुन्हा फिरायला लागला. मानस खुर्ची वळवून आपल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. त्यानंतर सव्वा महिना तो आईशी कामापुरतंच बोलला. पाणी दे. चार्जर दे.

त्या उन्हाळ्यात रुग्णालयाने नव्याने विचारलं. हिंदी फॉर्म, वेगळी समुपदेशक, उपचार संपल्यानंतर. बारांपैकी दोन जोडपी सापडलीच नाहीत. तिघांनी नाही म्हटलं. सातांनी हो म्हटलं, कशासाठी ते नीट ऐकून घेऊन. अहवालात हे वाचलं तेव्हा वृंदाताई मला म्हणाल्या, “बघ, विचारलं असतं तर दिलंच असतं त्यांनी. पहिल्यांदाच.” वर्षभर लांबलेलं अनुदान सुटलं. पुढे एक वर्षाने सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात वेगळ्या संमतीचं कलम होतं. ते या नोटमुळे आलं असं नाही. बऱ्याच ठिकाणी बरीच माणसं तेच म्हणत होती.

कल्पनाने नाही म्हटलं होतं. तेव्हा तिला कळलं की तीनपैकी एकच उरलाय. रुग्णालयाने माफी मागितली आणि पुढचा उपचार मोफत केला. तो एक तिच्या गर्भाशयात सोडला. राहिला नाही. हे आम्हाला एका प्रगती अहवालातल्या अर्ध्या ओळीवरून समजलं. वृंदाताईंनी ती ओळ वाचली, पर्स उचलली आणि कुणाला न सांगता ऑफिसातून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी बसमध्ये म्हणाल्या, “त्या दिवशी तिच्या खाटेवर बसून मी सांगायला हवं होतं. आणखी एक वर्ष ती तीन मोजत राहिली. मी वरच्यांना लिहिलं, कमिटीला लिहिलं. तिलाच तेवढं नाही सांगितलं.” हे त्यांनी मला पुढेही अनेकदा सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत.

भसीनांच्या प्रयोगशाळेत दोन वाणावळी तयार झाल्या. उंदरांवर थोडं काम झालं. माणसांच्या यादीपर्यंत ते पोहोचलं नाही. मानस चौतीस वर्षांचा झाला, आणि तेव्हाही खुर्चीतच होता. मधल्या काळात दिल्लीत कुणी कुणी लाखो रुपये घेऊन ‘स्टेम सेलची इंजेक्शनं’ द्यायचे. मानसने एकदा विषय काढला, दोघंजण रात्रंदिवस त्यावर भांडले, आणि शेवटी त्याने स्वतःच नको म्हटलं. त्याने घरून गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करायचं काम धरलं, आता हाताखाली चार माणसं आहेत. लग्न केलं नाही. विचारलं तर चिडतो.

वृंदाताई निवृत्त झाल्या त्याच वर्षी एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर गेल्या. तिथे डॉक्टर-वकिलांबरोबर एक साधा नागरिकही लागतो, वैद्यकीय पदवी नसलेला. त्या जागेवर. डॉक्टर मंडळी त्यांना कंटाळतात, असं मी ऐकलंय. पासष्टी उलटली तरी बैठकीत दोनदा उठून खिडकीपर्यंत जाऊन येतात.

बैठकीच्या आधीच्या रविवारी मी गेले तर बहुतेक वेळा तेच चाललेलं असतं. जेवणाच्या टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा. त्या हिंदीतून मोठ्याने वाचतात, मानस पलीकडे बसून ऐकतो. परवा त्याने तिसऱ्याच ओळीला हात वर केला.

“थांब. ‘अवशिष्ट जैविक सामग्री’ म्हणजे काय?”

“उरलेलं.”

“मग उरलेलं लिहायला सांग ना त्यांना.”

त्यांनी ती ओळ खोडली आणि पुढची वाचायला घेतली.